तांबी कधी बसवली, आठवतंय का?

दसरा झाला की पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातील अनेक कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पुढचे पाच-सहा महिने मुक्काम कोपीत. या धावपळीत दवाखान्याचा कागद कुठे गेला, हे कुणाच्या लक्षात राहणार? त्यामुळे 'तांबी कधी बसवली?' या प्रश्नाचे उत्तर अनेकदा सालात नाही, तर मुलाच्या वयात मिळते. 'धाकटा रांगत होता तेव्हा.' आणि तो धाकटा आता बारावीला असतो!

तांबी, म्हणजेच कॉपर-टी, हे सुरक्षित आणि भरवशाचे साधन आहे. तिच्यातील तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात आणि गर्भ राहत नाही. मात्र तिला मुदत असते. सरकारी दवाखान्यांत मोफत मिळणाऱ्या दोन प्रकारांपैकी 'कॉपर-टी ३८० ए' १० वर्षांसाठी, तर 'कॉपर ३७५' ५ वर्षांसाठी असते. आपल्याला कोणती बसवली, हे म्हणूनच माहीत हवे.

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तांबी विषारी होत नाही. घाबरण्याचे कारण नाही. पण गर्भ राहणार नाही, याची खात्री हळूहळू कमी होते. तांबी असताना गर्भ राहिलाच, तर तो गर्भनलिकेत असण्याची शक्यता अधिक असते. नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जिवावर बेतते. पाळी चुकली आणि पोटात एका बाजूला दुखू लागले, चक्कर आली, तर लगेच रुग्णालय गाठावे.

दुसरा धोका जंतुसंसर्गाचा. वर्षानुवर्षे राहिलेल्या तांबीवर 'ॲक्टिनोमायसिस' नावाचे जिवाणू वाढू शकतात. क्वचित त्यातून गर्भनलिका आणि बीजांडकोशाजवळ पू साठतो. ही गाठ कधी कधी कर्करोगासारखीही भासते. जुन्या तांबीचा दोरा तुटतो किंवा आत ओढला जातो, तांबी गर्भपिशवीच्या भिंतीत रुतते. मग काही मिनिटांच्या कामासाठी सोनोग्राफी आणि दुर्बिणीची गरज पडते.

ओटीपोटात दुखणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, ताप, संबंधानंतर रक्त जाणे ही लक्षणे 'कामाचा शीण' म्हणून अंगावर काढू नयेत. त्याचबरोबर, लगेच गर्भपिशवी काढण्याच्या सल्ल्यालाही मान डोलावू नये. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९मध्ये राज्यभर गाजला होता. अशा तक्रारींमागे कधी विसरलेली तांबीही असू शकते. म्हणून डॉक्टरांना तांबीविषयी आवर्जून सांगावे.

पाळी गेली म्हणजे तांबीचे काम संपले. पण ती आपोआप निघत नाही. पन्नाशीनंतर पाळी थांबली तर एक वर्षाने, त्याआधी थांबली तर दोन वर्षांनी ती काढून घ्यावी. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर 'तांबीमुळे असेल' असे समजून थांबू नये. तपासणी करून घ्यावीच.

तांबी काढायला साधारणपणे भूल लागत नाही. संसर्ग नसेल तर त्याच वेळी नवी बसवता येते. स्वतः दोरा ओढण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये.

याच जिल्ह्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या गावातल्या बायका तिथे आरोग्य सेविका झाल्या. बाईच्या आरोग्याची गोष्ट बाईनेच बाईशी मोकळेपणाने बोलायची, हा धडा तिथून मिळाला. आज ते काम गावोगावच्या आशाताई करतात. तांबीचे कार्ड हरवले असेल तर त्यांना विचारावे, उपकेंद्रात नोंद पाहावी. नोंदही सापडली नाही, तर सरळ तपासणी करून घ्यावी. नवे कार्ड मिळाले की ते रेशनकार्डासोबत ठेवावे आणि काढण्याचे साल घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवावे.