गावच्या रस्त्यावर गावचा पहारा

गोव्यातील गावरस्ता वेगासाठी जन्मलाच नाही. चिऱ्यांच्या गडग्यांमधून वळणे घेत तो देवळाच्या तळीवरून, शाळेच्या फाटकावरून आणि घरांच्या उंबरठ्यांना लागून जातो. त्याच रस्त्यावर आज भाड्याच्या मोटारी, अवजड ट्रक आणि तरुणांच्या मोटरसायकली महामार्गाच्या वेगाने धावत आहेत. अपघात घडला की गावकरी रस्ता अडवितात, गतिरोधकाची मागणी करतात आणि चार दिवसांनी सारे पूर्ववत होते.

वेगाचे गणित निष्ठुर आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे प्राणास मुकली. त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक बळी अतिवेगाच्या नावे नोंदले गेले. प्रत्येक तिठ्यावर पोलीस उभा करणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. तेव्हा नागरिकांनीच पुढे यावे, हा विचार ओघानेच येतो.

तो आपल्याकडे नवा नाही. २०१७ साली गोवा पोलिसांनी 'ट्रॅफिक सेंटिनेल' योजना आणली. नियमभंगाचे छायाचित्र पाठवावे, गुण मिळवावेत आणि त्या बदल्यात रोख बक्षीस घ्यावे, अशी ती योजना. हेतू चांगला होता. पण शेजाऱ्याने शेजाऱ्याला नकळत टिपावे आणि त्याचा मोबदला घ्यावा, हे अनेकांना रुचले नाही. काही टिपणाऱ्यांवर हात टाकण्यापर्यंत मजल गेली. शिवाय छायाचित्रात हेल्मेट नसलेले डोके दिसते; वेग दिसत नाही.

ब्रिटनमधील 'कम्युनिटी स्पीडवॉच' या उपक्रमाची रीत याहून वेगळी आहे. तेथे गावचे स्वयंसेवक पोलिसांकडून प्रशिक्षण घेतात आणि पोलिसांनी मान्य केलेल्या जागी चमकदार जाकिटे घालून राजरोस उभे राहतात. ते यंत्राने वेग मोजतात व गाडीचा क्रमांक टिपतात. गाडी अडविण्याचा वा दंड करण्याचा अधिकार त्यांना नाही, बक्षीसही नाही. नोंद पडताळून पोलीस मालकाच्या घरी समजपत्र पाठवितात. अपराध पुन्हा पुन्हा घडला, तर पोलीस स्वतः दाराशी येतात. कित्येक चालक तर ती जाकिटे पाहूनच वेग आवरतात, आणि तेवढेच अभिप्रेत असते.

आपल्या गावांना हे अवघड का वाटावे? जत्रेच्या रात्री वाहनांची गर्दी आवरणारे तरुण प्रत्येक वाड्यावर आहेत. पंचायत, पालक-शिक्षक संघ आणि पोलीस ठाणे यांनी मनावर घेतले, तर शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी असा पहारा सहज उभा राहील. मात्र त्यामुळे शासन मोकळे होत नाही. अतिवेगाबद्दल कायद्याने ठरविलेला दंड वसूल करणे, वळणावरील झाडी तोडणे आणि सूचनाफलक लावणे ही कामे सरकारचीच आहेत आणि सरकारचीच राहतील.

खरी कसोटी पुढेच आहे. पर्यटकाच्या गाडीचा क्रमांक टिपणे सोपे. पण भरधाव येणारी मोटरसायकल आपल्याच भाच्याची निघाली तर? त्या क्षणी ज्या गावचा हात कचरणार नाही, त्याच गावची मुले रस्त्याच्या कडेने निर्धास्तपणे शाळेला जातील.