स्टंपांमागचा माणूस

अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की क्रिकेट सुरू होतं. समोर कुलाबा किल्ला, पायाखाली ओली, घट्ट वाळू. बघणारे फलंदाज बघतात. मी आपला स्टंपांमागे बसलेल्या पोराशेजारी ठाण मांडलं.

त्याच्या हातात ग्लोव्हज नाहीत. टेनिसबॉल जाड ग्लोव्हजवर आपटून बाहेर उडतो, म्हणून इथले बरेच कीपर मोकळ्या हातांनीच उभे राहतात. करंगळी शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधलेली. टेनिसचा चेंडू जेमतेम 58 ग्रॅमचा, लेदरचा 156 ते 163. पण हलका चेंडूच जास्त दगा देतो. हाताला लागताक्षणी तळवे वीतभर पोटाकडे घ्यायचे, नाहीतर तो उसळून सुटलाच. बोटांची टोकं चेंडूकडे कधीच नाहीत. टाचा टेकत नाहीत. चेंडू टप्पा खाईपर्यंत तो वाकलेलाच राहतो आणि उसळीबरोबर वर येतो. ओल्या वाळूवर एक चेंडू घोट्याशी सरपटतो, पुढचा छातीशी येतो. "आधी उठलो की बाय गेली," तो म्हणाला. मध्येच टाळी वाजवून, मान किंचित हलवून त्याने लाँगऑनला मागे सरकवलं. कर्णधार दुसराच होता!

अमेरिकेत बेसबॉलच्या कॅचरला मुखवटा, छातीला आणि पायांना चिलखत असतं. पिचरने कुठला चेंडू टाकायचा याची खूण बहुतेक वेळा तोच करतो, आणि त्याचा पगारही घेतो. आमच्याकडे डोकं तेवढंच लागतं, बाकी काही मिळत नाही.

वरच्या पातळीवरही या कामाची तऱ्हा वेगळी नाही. फलंदाज सहा-सात खेळतात, कीपर एकच. एकाच काळात नरेन ताम्हाणे आणि नाना जोशी असे दोन चांगले मराठी कीपर होते, आणि जागा एक. ताम्हाणे 1955 मध्ये पाकिस्तानात पहिली मालिका खेळले, सुभाष गुप्तेंच्या फिरकीमागे उभं राहून पाच कसोटींत 19 बळी टिपले. एकूण 21 कसोटींत 51 बळी. फलंदाजीची सरासरी मात्र दहाच्या आसपास; आजच्या निवड समितीने त्यांना बसवूनच ठेवलं असतं. मला हा आजचा हिशेब पटत नाही.

1988 च्या जानेवारीत चेन्नईत (तेव्हाचं मद्रास) नरेंद्र हिरवाणीने पदार्पणातच वेस्ट इंडिजचे 16 बळी घेतले. ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच सामन्यात किरण मोरेने सहा यष्टिचीत केले, त्यातले पाच दुसऱ्या डावात. हे विचारून बघा, समोरचा आठवत बसतो.

पावसाळा सरला की रायगडात गावोगाव टेनिसबॉलच्या स्पर्धा लागतात. लाऊडस्पीकरवर समालोचन, मोबाइलवर थेट प्रक्षेपण, मालिकावीराला कधी मोटारसायकलसुद्धा. बक्षिसांच्या टेबलावर उत्कृष्ट फलंदाजाचा, गोलंदाजाचा, कधी क्षेत्ररक्षकाचाही चषक असतो. कीपरचा मात्र मला क्वचितच दिसला. मंडळांनी यंदा तेवढा एक चषक वाढवावा. आणि समालोचकांनी बाय गेल्यावर कीपरचं नाव जसं ओरडून घेतलं जातं, तसं अडवल्यावरही घ्यावं.