पेशीनामा – ४ : बोंडअळीच्या आतड्यात

सप्टेंबर संपत आला की अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर भागातला कास्तकार पऱ्हाटीच्या फुलांकडे जरा संशयानेच पाहायला लागतो. फूल मोकळं उमललेलं असेल तर ठीक. पाकळ्या रेशमी धाग्यांनी आतून शिवून मिटलेल्या असतील, तर ती डोमकळी, आणि तिच्या आत गुलाबी बोंडअळी. पुढची पिढी बोंडात शिरते, शिरल्याचं भोक बुजून जातं आणि वरून हिरवंगार दिसणारं बोंड फोडलं की आत सरकी पोखरलेली निघते.

मागच्या भागात आपण केंद्रक पाहिलं. आज पाहायचं आहे ते पेशीपटल, म्हणजे प्राणिपेशीची सीमा. त्यासाठी या अळीच्या पोटात शिरू या. तिच्या आतड्याला आतल्या अंगाने पेशींचा एकच थर असतो. गेली वीसेक वर्षं वऱ्हाडातल्या कापसाचं भलंबुरं या थरातल्या पेशींच्या एका बाजूवर ठरत आलं आहे, असं म्हटलं तर ते फारसं अतिशयोक्त नाही.

आधी ज्या कापसावर ही अळी जगते त्या कापसाकडे पाहू. कापसाचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते. फूल उमलतं त्या सुमारास बीजांडाच्या सालीवरच्या काही पेशी लांबू लागतात आणि साधारण तीन आठवड्यांत अडीच-तीन सेंटीमीटरपर्यंत पोहोचतात. मग त्यांच्या भित्तिकेवर आतून सेल्युलोजचे थर चढत जातात. बोंड फुटतं तोवर पेशी मेलेली असते, आतलं पेशीद्रव्य वाळून गेलेलं असतं. आपण वेचतो, जिनिंगला नेतो आणि अंगावर घालतो ती मागे राहिलेली पेशीभित्तिका. वाळलेल्या तंतूत ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं ते यामुळेच. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात जी घरं पाहिली, त्याही अशाच रिकाम्या भिंती होत्या. प्राण्यांच्या ऊतीत तशा भिंतींच्या रेषा दिसत नाहीत, तरी पेशी तिथेही असतात. श्लायडेनने १८३८ मध्ये वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात असं मांडलं आणि पुढच्याच वर्षी श्वानने तेच प्राण्यांबद्दल सांगितलं.

प्राणिपेशीला ही भित्तिका नसते. तिच्याभोवती असतं फक्त पेशीपटल, सुमारे ७ ते ८ नॅनोमीटर जाडीचं. पुस्तकातल्या आकृतीत ते पेन्सिलीच्या एका रेघेने काढलेलं असतं, आणि माझ्या मते ती रेघ विद्यार्थ्यांची फार मोठी फसवणूक करते. रेघ पाहून वाटतं, ही काहीतरी टणक पिशवी असेल. प्रत्यक्षात तो स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर आहे. रेणूंची पाण्याशी जमवून घेणारी डोकी दोन्ही बाहेरच्या अंगांना आणि पाण्याला टाळणाऱ्या शेपट्या मध्ये. हे रेणू एकमेकांना बांधलेले नसतात, ते सतत जागा बदलत असतात आणि त्यांच्यात अडकलेली प्रथिनंही आडवी सरकत असतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये पटलाचं हे वाहतं चित्र मांडलं. प्राण्यांच्या पटलात कोलेस्टेरॉलही असतं, ते या हलत्या थराला थोडा घट्टपणा देतं. कीटकांना मात्र ते शरीरात मुळापासून तयार करता येत नाही, त्याचा कच्चा माल खाण्यातूनच मिळवावा लागतो. बोंडअळी तो सरकीतून घेते.

भित्तिका नसण्याचा परिणाम पाण्याशी गाठ पडली की कळतो. पेशीच्या आत क्षार, शर्करा, प्रथिनं यांची दाटी असते, त्यामुळे पाणी आत शिरू पाहतं. वनस्पतीची पेशी म्हणजे टायरच्या आत बसवलेली सायकलची ट्यूब : हवा भरली तर ती कडक होते, फुटत नाही. प्राणिपेशीला टायरच नाही. म्हणून तिला आतल्या क्षारांचा हिशेब अखंड सांभाळावा लागतो. आपल्या पेशींत हे काम पटलातलं एक प्रथिन करतं. दर फेरीला ते सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतं आणि पोटॅशियमचे दोन आत घेतं. येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये ते शोधलं, त्यांना नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. अळीच्या आतड्यात मुख्य व्यवहार पोटॅशियमचा. तिथल्या चषकाच्या आकाराच्या पेशी पोटॅशियम आतड्याच्या पोकळीत ढकलत राहतात आणि त्यातूनच तिथला रस कमालीचा अल्कधर्मी होतो. अळ्यांच्या आतड्यात सामू ९ ते ११ पर्यंत जातो. आपल्या जठरात नेमकं उलट, तिथे तीव्र आम्ल.

बीटी कपाशीची सगळी करामत या अल्कधर्मी रसापासून सुरू होते. ‘बीटी’ म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जीवाणू. जपानमध्ये इशिवाता यांना तो १९०१ मध्ये मरणाऱ्या रेशीमकिड्यांत सापडला, नंतर जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांतावरून त्याला हे नाव मिळालं. त्याचं क्राय प्रथिन तयार करणारा जनुक कपाशीत घातला गेला आणि २००२ मध्ये भारतात त्या बियाण्याला परवानगी मिळाली. अळी पातं किंवा बोंड कुरतडते तेव्हा हे प्रथिन तिच्या पोटात जातं. तिथल्या रसात तिचीच पाचकं त्याचा काही भाग छाटतात आणि ते क्रियाशील होतं. मग ते आतड्याच्या पेशींपर्यंत येतं. या पेशींची पोकळीकडची बाजू सपाट नसते. अन्न शोषायला जास्त जागा मिळावी म्हणून तिथलं पटल हजारो सूक्ष्मांकुरांत उभारलेलं असतं. त्या पटलातून बाहेर डोकावणारं कॅडहेरिन नावाचं प्रथिन क्राय प्रथिनाला धरून ठेवतं. मग अशी अनेक क्राय प्रथिनं एकत्र येऊन पटलात घुसतात आणि त्याला आरपार छिद्र पाडतात.

पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. छिद्रातून आयन वाटेल तसे ये-जा करतात, मागोमाग पाणी आत येतं, पेशी फुगते आणि फुटते. अळी काही तासांत खाणं सोडते. फाटलेल्या आतड्यातून जीवाणू तिच्या रक्तात उतरतात आणि दोन-तीन दिवसांत ती मरते. आपल्या आतड्याच्या पेशींवर क्राय प्रथिनाला धरणारी ही जागा नाही आणि आपल्या जठरातलं वातावरणही वेगळं. मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवरही या प्रथिनाचा उपयोग नाही, म्हणून बीटी लावूनही फवारणी सुटली नाही. फवारणीतली ऑर्गनोफॉस्फेट औषधं इतकं निवडून मारत नाहीत. ती मज्जातंतूंच्या जोडावरच्या ज्या विकराला अडवतात, तो किडीत असतो तसाच माणसातही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले.

त्याच हंगामात विदर्भभर गुलाबी बोंडअळी उसळली. ‘बीटी हाय ना, मंग अळी कशी पडली?’ हा तेव्हाचा गावोगावचा प्रश्न. उत्तर पेशीच्या आतल्या कामकाजात आहे. कॅडहेरिन पटलात आपोआप उगवत नाही. त्याची माहिती केंद्रकातल्या डीएनएवर असते. तिथून संदेश-आरएनएची प्रत निघते, तिची काटछाट होते आणि ती बाहेर पेशीद्रव्यात येते. आंतर्द्रव्यजालिकेला चिकटलेल्या रायबोसोमवर तिच्याप्रमाणे प्रथिन विणलं जातं, जालिकेत त्याची नीट घडी बसते, गॉल्गी संकुलात त्यावर शेवटचा हात फिरतो आणि मग छोट्या पुटिकांतून ते पटलाला येऊन मिळतं. या वाटेवर कुठेही बिघाड झाला तरी अळीचा फायदाच. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या गुलाबी बोंडअळ्यांत संदेशाच्या काटछाटीतच घोळ आढळला, त्यामुळे तुटकं कॅडहेरिन तयार होत होतं. चीनमधल्या काही अळ्यांत ते तयार होतं, पण जालिकेपासून पटलापर्यंतचा प्रवासच बिघडलेला. दोन्हीकडे परिणाम एकच : क्राय प्रथिन येतं आणि त्याला धरायला कुणी नसतं. २००६ मध्ये आलेल्या बोलगार्ड-२ या बीटी कपाशीत दुसरं क्राय प्रथिन जोडलं होतं. गुलाबी बोंडअळीने त्याच्याशी संबंधित एबीसीए२ हे वेगळं पटल-प्रथिनही बिघडवून घेतलं.

बिघडवून घेतलं असं लिहिलं खरं, पण अळी काही ठरवून करत नाही. असे बिघाड लाखोंत एखादीत आधीपासूनच असतात, बीटीच्या वावरात बाकीच्या मरतात आणि तेवढ्याच उरतात. केंद्रकात कॅडहेरिनच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन्ही बिघडल्या तरच अळी वाचते. एक धड असली तरी पटलावर पुरेसं कॅडहेरिन पोहोचतं आणि क्राय प्रथिन आपलं काम करतं. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत बिगर-बीटीची १२० ग्रॅमची पुडी मिळायची, ती यासाठीच. बांधाच्या कडेला ती लावली की तिथे धड प्रती असलेले पतंग वाढतात, प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संकर होतो आणि पिल्लांना निदान एक धड प्रत मिळते. पण बहुतेकांनी ती पुडी पेरलीच नाही. ‘अळी पोसायला कपाशी कशाला लावायची’ हा हिशेब समजण्यासारखा होता. पुडीमागचं कारण कास्तकाराला नीट समजावून सांगितलं गेलं नाही, याचा दोष मी तरी त्याच्या माथी मारणार नाही. वर डिसेंबरनंतरही पीक उभं ठेवून फरदड घेतली गेली, म्हणजे अळीला खाणंही मिळालं आणि आणखी पिढ्यांची सोयही झाली.

आता भर आहे कामगंध सापळ्यांवर. हाही पेशीपटलाचाच खेळ, फक्त अवयव वेगळा. नर पतंगाच्या मिशांत गंध ओळखणाऱ्या चेतापेशी असतात आणि त्यांच्या पटलात मादीचा गंध पकडणारी प्रथिनं. १९७३ मध्ये हा गंध ओळखला गेला आणि त्याला ‘गॉसिप्लूर’ असं नाव मिळालं. सापळ्यात त्याची वडी ठेवली की नर तिच्या मागे येऊन अडकतात आणि वावरात पतंग किती वाढले याचा अंदाज येतो. तोच गंध वावरभर पसरवला तर नराला मादी नेमकी कुठे आहे तेच कळेनासं होतं, मिलन टळतं आणि मादीने अंडी घातली तरी ती उबत नाहीत.

हे सगळं चालतं ते ऊर्जेवर. पेशीत ती जिथे तयार होते, ती तंतुकणिका पुढच्या आठवड्यात.