एड्सजन्य जठरांत्र विकार
एचआयव्ही विषाणूमुळे प्रतिकारक्षमता खालावल्यावर अन्नमार्गात उद्‌भवणारे विकार. हा विषाणू ज्यांचा नाश करतो त्या सीडी-४ लसीका कोशिका आतड्याच्या भित्तीत विपुल असतात. रक्तातील त्यांची संख्या दर घन मिमी.मध्ये २०० हून कमी झाली की, कँडिडा कवकामुळे अन्ननलिकेचा दाह होऊन गिळताना वेदना होतात. क्रिप्टोस्पोरिडियम प्रजीवाने होणारा अतिसार निरोगी व्यक्तीत सामान्यतः दोन-तीन आठवड्यांत आपोआप थांबतो. एड्सच्या रुग्णात तो महिनोन्‌महिने टिकून रुग्ण क्षीण होत जातो. हा प्रजीव पाण्यातील क्लोरिनाला दाद देत नाही. म्हणून पाणी उकळून प्यावे. प्रतिकारक्षमता पुन्हा वाढविणे हाच मूलभूत उपचार होय. त्यासाठीची विषाणुरोधक औषधे २००४ पासून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळू लागली.