वाकलेल्या काठीचे रहस्य

घरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीची लाकडी काठी हाती घेऊन तिची गोल वळलेली मूठ नीट न्याहाळून पाहावी. लाकडावरील बारीक रेषा दांड्यातून निघून वळणाबरोबर वळत टोकापर्यंत अखंड गेल्या असतील, तर ती मूठ वाकवून केलेली आहे. त्या वळणावर मध्येच तुटल्या असतील, तर ती कापून काढलेली आहे, असे समजावे. हा भेद केवळ सौंदर्याचा नव्हे. लाकूड तंतूंच्या दिशेने बळकट असते. तंतूंचे सातत्य खंडित झाले, की भार पडताच ते त्याच जागी चिरण्याचा संभव असतो. वृद्धाचा तोल अशा वेळी सावरणार कसा?

मग कडक लाकूड वाकते तरी कसे? लाकडाच्या पेशीभित्तिकांत सेल्युलोजचे तंतू असून लिग्निन व हेमिसेल्युलोज ही द्रव्ये त्यांना जखडून ठेवतात. ओलसर लाकूड सुमारे १०० अंश सेल्सियसच्या वाफेत ठेवले, की हे बंधन सैल होते. जाडीच्या दर २५ मिलिमीटरांस साधारण एक तास वाफ, असा कारागिरांचा ठोकताळा आहे.

परंतु मऊ झालेले लाकूड दाबाखाली २५ ते ३० टक्के आखूड होऊ शकत असले, तरी ताणल्यास एक-दोन टक्क्यांपलीकडे लांबत नाही. २० मिलिमीटर जाडीची काठी, आत १०० मिलिमीटर रुंदी राहील अशी अर्धवर्तुळात वळविली, तर बाहेरची कड सुमारे २२० व आतली १५७ मिलिमीटर भरते. हा फरक बाहेरची कड ताणून साधू गेल्यास तंतू फाटतात. म्हणून त्या कडेवर पोलादी पट्टी बसवून काठीची दोन्ही टोके तिच्यात घट्ट अडकवितात. पट्टी लांबत नाही. साहजिकच आतली बाजू सुमारे २९ टक्के आकसते आणि लाकूड अभंग राहते.

मिखाएल टोनेट या जर्मन कारागिराने पट्टीची ही युक्ती कारखान्यात आणली. अखंड लाकूड वाकविण्याचे पेटंट त्यास १८५६ साली ऑस्ट्रियात मिळाले. त्याची १४ क्रमांकाची प्रसिद्ध खुर्ची पुढे याच रीतीने लक्षावधींच्या संख्येने तयार झाली.

वाफेतून काढलेले लाकूड लगेच निवू लागते, म्हणून ते त्वरेने वळवावे लागते. नंतर मात्र ते पूर्ण सुकेपर्यंत साच्यातच बांधून ठेवावे. लवकर सोडल्यास वळण उलगडू लागते. घाई करावी ती वाकविताना, सोडविताना नव्हे.