रानपिंगळ्याची भाऊबंदकी

दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्यांकडे पाठ केली की उत्तरेला, तापीपलीकडे सातपुडा. त्याच्या पायथ्याशी यावल अभयारण्य आहे. तिथल्या सागाच्या जंगलात रानपिंगळा राहतो. घुबडांतला हा वीतभर पक्षी. पण दिवसाढवळ्या शिकार करतो आणि शेपटी झटकत बसतो.

१८७३ साली ॲलन ह्यूमने त्याचं शास्त्रीय बारसं केलं. दणकट पाय, जाड चोच आणि जवळजवळ बिनठिपक्यांचं डोकं पाहून त्याने याच्यासाठी ‘हेटेरोग्लॉक्स’ ही वेगळी प्रजातीच मांडली. पुढच्यांनी त्याला साध्या पिंगळ्याच्या ‘अथेनी’ प्रजातीत ढकललं. वाद मिटेना, कारण १८८४ नंतर पक्षीच कुणाला सापडेना. उरली संग्रहालयांतली मोजकी कातडी, आणि त्यातलंही एक खोटं बोलत होतं. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या कर्नलने ते १९१४ साली गुजरातेत मिळवल्याचं लिहून ठेवलं होतं. प्रत्यक्षात जेम्स डेव्हिडसनने १८८०च्या दशकात खानदेशात गोळा केलेलं कातडं कर्नलसाहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातून लांबवलं, नव्याने भरलं आणि त्यावर आपली चिठ्ठी लावली. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली. खोटा पत्ता बाद झाल्यावर जुने खरे पत्ते धरून शोध सुरू झाला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला.

नात्याचा निकाल मात्र जनुकांनी दिला. पेशीतल्या सूत्रकणिकांचा डीएनए फक्त आईकडून येतो आणि भराभर बदलतो. केंद्रकातला दोघांकडून येतो आणि सावकाश बदलतो. एकावरच भिस्त ठेवली तर फसगत होते, म्हणून दोन्हीकडची जनुकं वाचतात. वेगवेगळ्या पिंगळ्यांचे क्रम एकाखाली एक मांडून अक्षर कुठे बदललं ते पाहतात. त्या फरकांवरून कोण कुणाच्या जवळचा आणि फाटा साधारण कधी फुटला, हे काढता येतं. पंकज कोपर्डे, प्राची मेहता, उमा रामकृष्णन, व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हेच केलं. रानपिंगळा अथेनीच्याच गोतावळ्यात निघाला. ह्यूमने मांडलेली वेगळी चूल मोडली. मला यात ह्यूमची फजिती वाटत नाही. पाय दणकट आहेतच, फक्त ते घरातच राहून वाढले.

२०१४ मध्ये हा पक्षी पार तानसा अभयारण्यात आढळला. यावल, मेळघाट, तानसा: मधे शेतं, गावं, रस्ते. तुकड्यातुकड्यांतल्या या पाखरांची सोयरीक अजून जुळते की प्रत्येक जंगलात घरातल्या घरातच लग्नं लागतात, हेही पिसाच्या मुळाशी चिकटलेल्या पेशींतून तपासता येतं.