व्याप्त इराक : जवळून पाहणाऱ्यांचे अंदाज

9 एप्रिल 2003 रोजी बगदाद अमेरिकी फौजांपुढे पडले आणि इराकचे आता काय होणार, हे सांगणाऱ्यांची रीघ लागली. सेनापती, मुत्सद्दी, वार्ताहर, परागंदा होऊन परतलेले इराकी, भीतीने घराबाहेर न पडणाऱ्या मुली, सगळ्यांनी लिहिले. ते लेखन आज सलग वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. स्थैर्याचा अंदाज ज्यांनी पगार, वीज आणि धान्यावरून बांधला, त्यांचे बरेचसे खरे झाले. निवडणूक, राज्यघटना, सत्तांतर यांच्या तारखांवर ज्यांची भिस्त होती, ते फसले.

तारखांवर भिस्त ठेवणाऱ्यांत पहिले नाव पॉल ब्रेमर यांचे. अमेरिकेचे प्रशासक म्हणून ते 12 मे रोजी बगदादला पोचले. 16 मे रोजी सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीला सरकारी नोकरीतून काढण्याचा हुकूम निघाला आणि 23 मे रोजी सैन्यच बरखास्त झाले. सैनिक आधीच घरी पळाले होते, छावण्या लुटल्या गेल्या होत्या, जुने सैन्य परत बोलावले असते तर शिया आणि कुर्द भडकले असते, असा बचाव ब्रेमर यांनी आपल्या आठवणींत केला आहे. यातले बरेच खरेही आहे. पण जवळजवळ चार लाख माणसांचा पगार एका सहीने बंद झाला, हे त्या बचावाने पुसले जात नाही. 18 जून रोजी बेकार सैनिक ब्रेमर यांच्या कचेरीसमोर जमले, तेव्हा अमेरिकी जवानांच्या गोळीबारात दोघे मेले. काही दिवसांतच भत्त्याची घोषणा झाली. तोवर अपमान मुरला होता, आणि दारूगोळ्याची कोठारे कुठे आहेत हे याच माणसांना ठाऊक होते.

अँथनी शदीद यांचे वार्तांकन मला या सगळ्यांत सर्वांत मोलाचे वाटते. लेबनीज वंशाच्या या अमेरिकी वार्ताहराला अरबी येत होती, त्यामुळे दुभाषाविना ते घराघरांत बसू शकले. सद्दाम गेल्याचा आनंद आणि परक्यांनी त्याला घालवल्याची बोच त्यांना एकाच माणसाच्या तोंडून ऐकू आली. विजेचा विषय तर घरोघरी निघे. 1991च्या आखाती युद्धातल्या बाँबवर्षावानंतर सद्दामच्या इंजिनिअरांनी काही महिन्यांत दिवे लावले होते. मग चंद्रावर माणूस उतरवणाऱ्यांना ते का जमत नाही? अनेकांनी याचा अर्थ एकच लावला : त्यांना ते करायचेच नाही. हा समज चुकीचा होता, कारण वीजकेंद्रे आंतरराष्ट्रीय निर्बंधांच्या काळात खिळखिळी झाली होती आणि तारा चोरीला जात होत्या. तरीही लोकांचा विश्वास किती उडाला आहे, हे त्या समजावरून नेमके कळत होते.

'रिव्हरबेंड' या टोपणनावाने लिहिणारी बगदादची तरुणी संगणकतज्ज्ञ होती. रस्ते असुरक्षित झाले आणि तिची नोकरी सुटली. भाऊ किंवा वडील सोबत असल्याशिवाय बाहेर पडायचे नाही, ही नवी रीत तिने फार लवकर टिपली. 2007मध्ये तिचे कुटुंब सीरियाला निघून गेले.

रोरी स्टुअर्ट हे ब्रिटिश अधिकारी दक्षिणेतल्या अमाराला आणि पुढे नासिरियाला होते. टोळीप्रमुख, मौलवी, सशस्त्र पक्ष यांच्यात तडजोडी घडवताना परक्या अधिकाऱ्याचा हुकूम किती तोकडा पडतो, हे त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे. राजीव चंद्रशेखरन यांनी बगदादच्या 'ग्रीन झोन'चे आतून दर्शन घडवले : तटबंदीआड अखंड वीज, आणि बगदादचा शेअर बाजार पुन्हा उभा करण्याचे काम चोवीस वर्षांच्या एका अमेरिकी तरुणाकडे!

अली अल्लावी यांची साक्ष मात्र थांबून ऐकावी अशी आहे. परागंदा जीवन संपवून ते परतले आणि सप्टेंबर 2003मध्ये व्यापारमंत्री झाले. म्हणजे देशाचे रेशन त्यांच्या खात्याकडे आले. निर्बंधांच्या काळात उभ्या राहिलेल्या या व्यवस्थेत पीठ, तांदूळ, साखर, तेल, चहा गल्लोगल्लीचे दुकानदार वाटत, आणि निम्म्याहून अधिक जनतेचे पोट त्यावर चाले. मंत्रालये जळाली, पण हे वाटप जून 2003मध्ये पुन्हा सुरू झाले. दुकानदार गल्लीतलाच, याद्याही त्याच्याचकडे. धान्याऐवजी रोख रक्कम देण्याचा विचार अमेरिकी प्रशासनात झाला, पण अमलात आला नाही. पुढे जानेवारी 2005च्या निवडणुकीसाठी मतदारयादी हवी होती, तेव्हा ती रेशनच्याच नोंदींवरून तयार करावी लागली. सगळे कोसळले असताना लोकांनी हाच एक सरकारी कागद जपून ठेवला होता! सैन्याचे मस्टरही असेच जपता आले असते, असे मला ठामपणे वाटते.

उत्तरेत कुर्दांचे मत वेगळे होते, आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. अर्बिल, सुलेमानियात अमेरिकी सैनिक पाहुण्यासारखे स्वीकारले गेले. 1991पासून तिथे स्वतःचे प्रशासन आणि स्वतःचे पेशमर्गा सैनिक होते, त्यामुळे स्थैर्य बाहेरून आणावे लागले नाही.

महाराष्ट्राला ही भूमी अनोळखी नाही. पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनमधले मराठा सैनिक इराकमधल्या कूतच्या वेढ्यात अडकले. 29 एप्रिल 1916 रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली आणि अनेक जण तुर्की कैदेत मेले. ब्रिटिश अमलात तिथे हिंदी रुपया चाले, तो 1932मध्ये दिनार येईपर्यंत. आपण मुक्तिदाते म्हणून आलो, असे ब्रिटिश जनरल मॉड यांनी 1917मध्ये बगदादकरांना सांगितले. 1920मध्ये त्यांच्या वारसांविरुद्ध देश उठला आणि तो उठाव मोडायला हिंदी पलटणीच वापरल्या गेल्या. अमेरिकेने सैन्य मागितले तेव्हा 14 जुलै 2003 रोजी वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय ते द्यायला नकार दिला. तो निर्णय योग्यच होता.

इराकमध्ये 13 जुलै 2003 रोजी ब्रेमर प्रशासनाने नेमलेल्या पंचवीस जणांच्या शासन परिषदेत 13 जागा शियांना, प्रत्येकी पाच सुन्नी अरबांना आणि कुर्दांना, एकेक तुर्कमेन आणि असिरियन ख्रिश्चनांना अशी वाटणी झाली. तेव्हा हे समंजस वाटले. फेब्रुवारी 2006मध्ये सामर्‍याच्या शियांच्या दर्ग्यात स्फोट झाला आणि गल्ल्या पंथांनुसार रिकाम्या होऊ लागल्या, तेव्हा मंत्रालयेही पंथांनुसार वाटली गेलेली होती. या वाटणीला इराकी लोक 'मुहाससा' म्हणतात. ऑक्टोबर 2019मध्ये बगदादच्या तहरीर चौकात उतरलेली मुले बहुतेक 2003नंतरच्या काळातच वाढलेली होती. त्यांनी नोकऱ्या आणि वीज मागितली, मुहाससा संपवा असे बजावले, आणि शेकड्यांनी गोळ्या झेलल्या. पंतप्रधान अदेल अब्दुल महदी यांना राजीनामा द्यावा लागला. पदांची वाटणी पुढच्या सरकारातही तशीच झाली.